लंडनहून, सगळं ठीक आहे

जर्मनीतल्या विद्यापीठांत मार्क उलटे असतात. १.० म्हणजे सगळ्यात उत्तम, ४.० म्हणजे काठावर पास आणि ५.० म्हणजे नापास. मास्टर्सच्या पहिल्या सेमिस्टरला एका विषयात मला ५.० मिळाले. बाबांनी व्हिडिओ कॉलवर विचारलं, "किती?" मी म्हटलं, "पाच." ते म्हणाले, "पाचापैकी पाच? वा!" आणि आईला सांगायला स्वयंपाकघरात गेले. मी काहीच बोलले नाही.

हे आज आठवायचं कारण 'सत्याचे प्रयोग'. शाळेत असताना या पुस्तकाबद्दल भाषणं ऐकली होती, पुस्तक वाचलं नव्हतं. ते वाचलं शिकून परत आल्यावर, कंपनीच्या बसमध्ये, फोनवर. गांधींनी ही आत्मकथा १९२५ पासून 'नवजीवन' साप्ताहिकात हप्त्याहप्त्याने लिहिली, त्यामुळे प्रकरणं छोटी आहेत. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये दोन सिग्नलला एक प्रकरण आरामात होतं.

पहिल्या भागात लंडनची प्रकरणं येतात. आपल्याकडे ती 'महात्मा कसा घडला' म्हणून वाचली जातात. मला ती परदेशात शिकायला गेलेल्या मुलाची गोष्ट म्हणून जास्त खरी वाटली. आणि तशी वाचल्यावर त्यांतली एक मोठी फटही दिसली. दोन्हींबद्दल लिहायचं आहे.

एक गोष्ट आधी लक्षात ठेवायला हवी. या प्रकरणांत माणसं दोन आहेत. ४ सप्टेंबर १८८८ ला मुंबईहून बोटीत बसलेला, एकोणीसही पुरा न झालेला मोहनदास. आणि छप्पन्नाव्या वर्षी त्याच्याकडे मागे वळून बघणारे गांधी. दुसरा पहिल्याला फार कडक मार्क देतो.

सुरुवात पैशाने होते, आणि हे मला पहिल्यांदा आवडलं. आपल्याकडच्या परदेशी शिक्षणाच्या गोष्टींत जिद्द असते, पैसा नसतो. इथे मोहनदास पैशासाठी दारोदार फिरतो. बायकोचे दागिने विकले तर दोन-तीन हजार येतील असा हिशेबही मांडतो. शेवटी थोरला भाऊ म्हणतो, कुठून तरी उभे करतो. मुंबईत जातीची सभा भरते, मुलाला वाळीत टाकतात आणि त्याला मदत करणाऱ्याला, बंदरावर निरोप द्यायला जाणाऱ्याला सव्वा रुपया दंड ठेवतात. आई पाठवायला तयार होते ती शपथेवर: मांस, दारू आणि परस्त्री वर्ज्य.

मग बोट. काट्या-चमच्यांची भीती, इंग्रजी बोलायची लाज, म्हणून हा मुलगा केबिनमध्ये बसून घरून आणलेली मिठाई आणि फळं खातो. खास जपून ठेवलेला पांढरा फ्लॅनेलचा सूट घालून उतरतो, तर अख्ख्या बंदरावर पांढऱ्या कपड्यातला तो एकटाच. सामान दुसऱ्याच्या ताब्यात गेलेलं, उद्या रविवार, म्हणजे बदलायलाही काही नाही. फ्रँकफर्टला उतरल्यावर मी मार्चच्या उन्हात बुटापर्यंत येणारं जाडजूड जॅकेट घालून उभी होते आणि आजूबाजूची मुलं टी-शर्टवर होती. हे वाचताना बसमध्ये एकटीच हसले. रात्री मात्र मोहनदासला झोप येत नाही, आईच्या आठवणीने रडू येतं. गांधी हे चार-पाच वाक्यांत सांगतात आणि पुढे जातात. तेवढं पुरतं.

पुढचा भाग सगळ्यांना माहीत असतो: साहेब होण्याची हौस. एकोणीस शिलिंगांची उंच हॅट, बाँड स्ट्रीटवर दहा पौंडांचा सूट, नाचाचा क्लास, व्हायोलिन, भाषण कसं करावं याची शिकवणी, टाय बांधायला रोज आरशासमोर दहा मिनिटं. हे वेड तीनेक महिने टिकतं. म्हातारे गांधी त्याला मूर्खपणा म्हणतात आणि वाचकही हसून पुढे जातो. पण कारण त्यांनी स्वतःच देऊन ठेवलंय. मांस न खाण्याच्या हट्टामुळे मित्राला याची काळजी वाटत होती, हा इथे कधीच रुळणार नाही असं वाटत होतं. ती कसर भरून काढायला हा मुलगा कपड्यांनी सभ्य व्हायला निघाला. म्हणजे ती हॅट शपथेच्या विरुद्ध नव्हतीच, शपथ टिकवण्यासाठीच घेतलेली होती. ताटात मी तुमच्यासारखा होणार नाही, निदान टोपीत तरी होतो. ज्याने परदेशात पार्टीला जाऊन बिअरच्या ग्लासात सफरचंदाचा रस भरून धरलाय, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. इथे निवेदक आपल्याच पात्राला जरा कमी समजून घेतो असं मला वाटतं.

हिशेबाबद्दल मात्र तो अभिमानाने लिहितो. बसभाडं, टपाल, वर्तमानपत्राचे सुट्टे, सगळं रोज झोपण्याआधी वहीत. मोठ्या खोल्या सोडून एक खोली, बसऐवजी दिवसाला आठ-दहा मैल चालणं, सकाळी घरीच ओटची लापशी. आम्हीही हेच केलं. २०२१ मध्ये जर्मनीच्या व्हिसासाठी 'ब्लॉक्ड अकाउंट'मध्ये १०,३३२ युरो भरून ठेवावे लागायचे आणि त्यातले महिन्याला ८६१ हातात यायचे. माझ्या एक्सेलमध्ये कोथिंबिरीच्या जुडीलासुद्धा रांग होती. कंजूषपणा नव्हता तो. बाबांच्या सहीने काढलेलं कर्ज खर्च होत होतं, आणि ते कळतंय हे कुणाला तरी दाखवायचं होतं, निदान एक्सेलला.

आता ती फट.

लंडनच्या प्रकरणांत सगळ्यात धीट प्रकरण खोटेपणाबद्दलचं आहे. तिथे शिकायला गेलेली हिंदुस्थानी मुलं लग्न झाल्याचं लपवत. मोहनदासनेही लपवलं. घरी बायको आणि काही महिन्यांचा मुलगा होता. ब्रायटनच्या हॉटेलात एक म्हातारी विधवा भेटते, फ्रेंचमधला मेनू समजावते, मग लंडनला दर रविवारी जेवायला बोलावते आणि एका तरुण मुलीशी त्याची ओळख वाढावी असं बघू लागते. शेवटी तो पत्र लिहून कबूल करतो: माझं लग्न लहानपणीच झालंय, मला मुलगा आहे. बाईंचं उत्तर हसत-खेळत येतं आणि मैत्री टिकते. एवढ्या छोट्या खोट्याचा एवढा कडक हिशेब मी दुसऱ्या आत्मकथेत वाचलेला नाही.

पण कबुली मिळते ती ब्रायटनच्या बाईंना. जिचं असणंच लपवलं होतं, तिला काय मिळालं? जिचे दागिने विकायचा विचार झाला होता, तिचे ते दिवस राजकोटात कसे जात होते, याबद्दल ही प्रकरणं काही सांगत नाहीत. शिलिंगांचा हिशेब आहे, हा नाही.

आणि दुसरं. १० जून १८९१ ला मोहनदास बॅरिस्टर होतो, ११ ला नाव नोंदवतो, १२ ला बोटीत बसतो. आईला भेटायचं असतं. मुंबईला भाऊ घ्यायला येतो, आणि तेव्हा कळतं की तो लंडनमध्ये असतानाच आई गेली. परक्या देशात धक्का बसू नये म्हणून भावाने कळवलं नव्हतं. जिच्यासाठी शपथ पाळली, ती शपथ पाळली गेल्याचं ऐकायला उरलीच नव्हती. गांधी लिहितात की दुःख वडिलांच्या मृत्यूहून मोठं होतं, पण अश्रू आवरले आणि जणू काही झालंच नाही असा व्यवहार सुरू केला. एक परिच्छेद, की पुढचा विषय.

नावात सत्य असलेल्या पुस्तकात आपल्या खोट्यासाठी अख्खं प्रकरण आहे आणि भावाच्या खोट्याला एक प्रश्नही नाही. मायेने बोललेलं खोटं हे खोटं नसतं का? स्वतःला एवढं उलटंपालटं करून तपासणारा माणूस इथेच का थांबतो? मला वाटतं, इथे थांबला नाही तर ज्याने पैसे उभे केले त्याच्यावर बोट ठेवावं लागतं. ते जमत नाही. मलाही जमलं नाही.

माझी आजी दुसऱ्या सेमिस्टरच्या परीक्षेच्या आठवड्यात गेली. मला तेराव्यानंतर सांगितलं. मधल्या दिवसांत मी दोनदा विचारलं होतं, आजी कुठंय? आई म्हणाली, झोपलीय. सांगलीत आणि जर्मनीत तेव्हा साडेतीन तासांचा फरक होता, त्यामुळे ते पटलं. मी रागावले नाही. कशी रागावणार? माझ्याकडूनही एक ५.० लपवलेले होतेच. दोन्ही बाजूंनी 'सगळं ठीक आहे' चाललं होतं.

म्हणून या ऑक्टोबरला जी मुलं जाणार आहेत, त्यांनी बॅगेत लोणच्याच्या बरणीशेजारी ही प्रकरणं ठेवावीत असं मला वाटतं. त्यांत शहाणपण कमी आणि शिलिंग-पेन्स जास्त आहेत म्हणून. आणि वाचताना त्या एका परिच्छेदापाशी जरा थांबावं. गांधी तिथे थांबले नाहीत.

हा लेख पाठवायच्या आधी लक्षात आलं की मीही तेच करतेय. कबुली अनोळखी वाचकांना देतेय, घरच्यांना नाही. म्हणून काल बाबांना फोन केला आणि ५.० म्हणजे काय ते सांगितलं. ते म्हणाले, "मग परत बसलीस ना परीक्षेला?" म्हटलं, हो, ऑगस्टमध्ये. २.७ मिळाले. "म्हणजे चांगले की वाईट?" चांगले, म्हटलं. थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग ते म्हणाले, "आजीच्या वेळी तुझी आई कळवूया म्हणत होती. मीच नको म्हटलं."