बेदरचा राजा आणि कुरवपूरचा परीट

आमच्या घरी दत्तजयंतीच्या सप्ताहात गुरुचरित्राचे पारायण असते. ओव्या मराठी, वाचणाऱ्या सूनबाईंची माहेरची भाषा कानडी. ग्रंथकर्ते सरस्वती गंगाधर यांचीही तीच. पन्नासाव्या अध्यायात बेदरचा मुसलमान राजा मांडीवरचा फोड घेऊन गाणगापुरास येतो आणि श्रीगुरू त्याला पूर्वजन्मीचा रजक म्हणून ओळखतात.

प्रसंग हृद्य आहे, पण मला एक गोष्ट खटकते. राजाची भक्ती पटावी म्हणून कुरवपूरच्या परटाची कथा नवव्या अध्यायातच पेरून ठेवावी लागली. म्हणजे हा गृहस्थ आधी आपल्यातला होता, म्हणून आता चालतो! या जन्मीची श्रद्धा पुरत नाही. देशप्रेमाच्या बाबतीत आपण शेजाऱ्याकडे असाच दाखला मागतो.

आमचा मुलूख निजामाचा. ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांनी भारतात विलीन होण्याची बाजू उघडपणे मांडली; ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्यांचा खून झाला, ठपका रझाकारांवर आला. उलट निजामाच्या अखेरच्या मंत्रिमंडळात पिंगळी व्यंकटराम रेड्डी उपपंतप्रधान होते. धर्मावरून निष्ठा ओळखू पाहणाऱ्याने ही दोन नावे शेजारी ठेवून पाहावीत.

कवीवर मात्र अन्याय नको. त्या काळात म्लेंच्छ राजाला गुरूच्या पायाशी आणून बसवणे, हे धैर्य थोडे नव्हे. पोथी आम्ही जशीच्या तशी वाचतो. नातवंडांना अर्थ सांगताना परटाची गोष्ट तेवढी मी शेवटी सांगतो, तीही त्यांनी विचारली तर.