दहा सेकंदांचा भूप

भूप आणि देसकार या दोन रागांचे सूर तेच पाच आहेत. सा, रे, ग, प, ध. मध्यम नाही, निषाद नाही. हार्मोनियमवर वाजवायला घेतले तर पट्ट्यासुद्धा त्याच. तरी भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा आणि देसकार सकाळचा, आणि दोन्ही नीट ऐकलेल्या माणसाला त्यांच्यातला फरक कळायला फार वेळ लागत नाही. भूप गंधारावर येऊन टेकतो, खालच्या अर्ध्या सप्तकात रमतो. देसकार धैवतावर उभा असतो, त्याचा ओढा वरच्या षड्जाकडे असतो, आणि खाली आलाच तरी जिथे भूप सुरू होतो तिथे फार थांबत नाही. म्हणजे राग म्हणजे कुठले सूर हे नाही, तर कुठल्या सुरावर किती थांबायचं, कुठून यायचं आणि कुठे जायचं.

हे वाक्य मी पुस्तकात वाचलं होतं. कानाला कळलं ते एका खेळामुळे.

आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. पुण्यातले बरेच, दोघंतिघं बंगळुरूचे, एक न्यू जर्सीत, आणि नाशिकचे एक निवृत्त काका, ज्यांना सगळेच दबकून असतात. रोज रात्री साडेदहाला कुणीतरी दहा सेकंदांची क्लिप टाकतं. राग ओळखला तर दोन गुण, गायक ओळखला तर एक, बंदिश ओळखली तर एक. महिनाअखेरीस एक्सेल शीट. बहुतेक जण आयटीतले असल्यामुळे शीट फारच देखणी आहे, ग्राफसकट. असे ग्रुप तुमच्याही ओळखीत असतील. नसतील तर काढा, कारण पुढे मी या खेळाला बरंच काही बोलणार आहे, पण नव्या माणसाला रागसंगीताची चटक लावणारं दुसरं इतकं सोपं साधन माझ्या पाहण्यात नाही.

त्याचं देणं आधी मान्य करतो. मारवा, पूरिया आणि सोहनी या तिघांचेही सूर एकच: रिषभ कोमल, मध्यम तीव्र, पंचम वर्ज्य. सूर मोजत बसलात तर तिन्ही सारखेच. खेळात मात्र पंधरा-वीस क्लिपांनंतर कान आपोआप वेगळं विचारायला लागतो. आवाज वरच्या सप्तकात भिरभिरतोय का? सोहनी असेल. खाली, गंधार-निषादाच्या आधाराने चाललाय का? पूरिया. रिषभ आणि धैवत पुन्हा पुन्हा पुढे येताहेत आणि षड्ज मिळतच नाहीये? मारवा. दरबारीचं तर विचारूच नका, तो हेलकावणारा कोमल गंधार एकदा आला की दोन सेकंदही पुरतात. सूर मोजणारा कान वागणूक ऐकू लागतो, ही लहान गोष्ट नाही. क्लासला न जाता, नोकरी सांभाळून, लोकलमध्ये उभं राहून हे होतं.

आता दुसरी बाजू. जिंकतं कोण?

शीट माझ्याकडेच असते, म्हणून मला दिसतं. वर राहणारे दोघंतिघं राग ओळखत नाहीत. ते रेकॉर्ड ओळखतात. तबकडीची खरखर, तानपुऱ्याचा ठरावीक पोत, हार्मोनियम जरा मागून येतंय की बरोबर, मैफलीतला एखाद्या श्रोत्याचा खोकला. आमिर खाँसाहेबांची मारवा आणि दरबारीची एलपी इतकी ऐकली गेली आहे, की आवाज लागायच्या आधीच उत्तर टाइप होतं. शॅझम हेच करतं. ते ध्वनीच्या आलेखातले ठळक बिंदू टिपतं, त्यांचा ठसा बनवतं आणि साठ्यातल्या ठशांशी जुळवतं. त्याला ती ध्वनिमुद्रिका कळते, त्यातला राग कळत नाही. त्याच गायकाने तोच राग दुसऱ्या दिवशी गायला, तर शॅझमसाठी ती वेगळी वस्तू.

मशीन लर्निंगमध्ये काम करणाऱ्यांना हा प्रकार चांगला माहीत आहे. मॉडेलला उत्तर कळतं, पण भलत्याच खुणेवरून. चाचणीतले आकडे झकास, बाहेर सोडलं की बोंब. मार्चमध्ये आम्ही आठवडाभर फक्त अनोळखी गळ्यांच्या क्लिपा टाकल्या: कुणाच्या मावशीचा रियाज, कुणाच्या भावाची परीक्षेची तयारी. पहिल्या क्रमांकाचा गडी थेट नवव्यावर आला. नाशिकच्या काकांच्या जागेला धक्का लागला नाही, पण ते काका आहेत.

इथपर्यंतची तक्रार किरकोळ आहे, कारण तिच्यावर उपाय आहे. खरी अडचण दहा सेकंदांचीच आहे.

वामनराव देशपांड्यांनी ‘घरंदाज गायकी’त घराण्यांची मांडणी स्वर आणि लय या दोन टोकांमध्ये केली. किराणा स्वराच्या टोकाला, आग्रा लयीच्या टोकाला, जयपूर दोन्हींचा तोल सांभाळणारं. या मांडणीवर वाद घालायला जागा आहे, पण आमचा खेळ तिच्यावर ठेवून बघा. तो सरळसरळ स्वराच्या टोकाकडे झुकलेला आहे. किराण्याचा एक लांब, घोटलेला सूर दहा सेकंदांत राग सांगून जातो. आग्र्याचं बोल वाटणं, लयीशी झोंबाझोंबी करणं, समेला बगल देतोय असं दाखवून नेमकं तिच्यावर येणं, यातलं दहा सेकंदांत काय दिसणार? शीटमध्ये मी मोजून पाहिलं. आग्र्याच्या गायकांच्या क्लिपा आमच्याकडे अगदी थोड्या आहेत. कुणी ठरवून टाळलं नाही. त्यांच्यातून कापायला तुकडा मिळत नाही, इतकंच.

आणि सम. अतिविलंबित एकतालात एक मात्रा चार-पाच सेकंदांची धरली, तर बारा मात्रांचं आवर्तन व्हायला पन्नास ते साठ सेकंद लागतात. दहा सेकंद म्हणजे दोन-अडीच मात्रा. ख्याल ऐकताना आपण ज्याची वाट बघतो, मुखडा उचलला की ज्यासाठी मान आपोआप हलायला लागते, ती सम बहुतेक क्लिपांत नसतेच. मारव्याचंही तेच. षड्ज टाळला जातोय हे दहा सेकंदांत ओळखता येतं, आणि ओळखलं की दोन गुण मिळतात. पण किती वेळ टाळला जातोय, त्याने जीव कसा टांगणीला लागतो, आणि शेवटी तो लागतो तेव्हा खोलीतली हवा कशी बदलते, यातच मारवा आहे. मारव्याची खूण मिळते आणि मारवा राहून जातो.

ग्रुपमध्ये एक मैत्रीण आहे, बारा वर्षं शिकते आहे. ती कायम तळाला. एकदा कुणीतरी चेष्टेत विचारलं, तेव्हा तिने लिहिलं, “अरे, त्यांनी अजून काही गायलंच नाहीये.” त्यावर हसण्याच्या अकरा इमोजी पडल्या. ग्रुपवर तीन वर्षांत लिहिलं गेलेलं ते सर्वांत नेमकं समीक्षेचं वाक्य आहे असं माझं मत आहे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो चांगला आहे. 78च्या तबकड्यासुद्धा तीन-साडेतीन मिनिटांच्याच होत्या. 1902 साली कोलकात्यात गौहर जान ध्वनिमुद्रण करताना शेवटी स्वतःचं नाव पुकारत, कारण तबकड्या छापायला जर्मनीत जायच्या आणि तिथल्या लोकांना कळायला हवं की हे कुणाचं गाणं. म्हणजे उत्तरासकट क्लिप! अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी आपल्या आजोबांच्या पिढीने तबकडीवरच ऐकली. 1977मध्ये व्हॉयजर यानांबरोबर केसरबाई केरकरांची भैरवी अवकाशात गेली, तीही साडेतीन मिनिटांचीच. मग दहा सेकंदांनाच एवढं का झोडपायचं?

कारण कात्री कुणाच्या हातात होती, हा फरक आहे. त्या गायकांना वेळ माहीत होता. तीन मिनिटांत सुरुवात, चढ आणि शेवट बसवायचा आहे हे ठरवून ते गात होते. अब्दुल करीम खाँसाहेबांची ती ठुमरी ऐकून ‘अर्धवट राहिलं’ असं कुणी म्हणत नाही. आमची क्लिप मात्र आम्ही कापतो, आणि तीही उत्तर फार सोपं होऊ नये म्हणून मुद्दाम अडनिड्या जागी. गायक जिथे पोचत होता, त्याच्या जरा आधी.

आणखी एक वाईट सवय लागते. जयपूर घराण्याचे अनवट आणि जोड राग हे खेळात ‘गुगली’ बनतात. मल्लिकार्जुन मन्सूरांचा खट टाकला, कुणालाच आला नाही, टाकणारा खूश. खट हा कोणाला तरी अडवायला बनवलेला राग आहे असंच नव्या मुलांना वाटत असेल. मन्सूर तो इतक्या सहज गातात की अनवट शब्दच विसरायला होतं, पण त्यासाठी निदान वीस मिनिटं त्यांच्यासोबत बसावं लागतं. कुमार गंधर्वांचं उलट होतं. अर्ध्या सेकंदात गळा ओळखू येतो, एक गुण खिशात, आणि राग कोणता यावर कुणी डोकं खाजवत नाही.

मे महिन्यात मी नियम बदलून पाहायचा प्रस्ताव दिला. क्लिप दोन मिनिटांची, रागाचं नाव आधीच सांगायचं, आणि मुखडा उचलला जायच्या क्षणी थांबवायची. प्रश्न एकच: आता हे कुठून समेवर येतील? उत्तर शब्दांत द्यायचं नाही, गाऊन पाठवायचं. येत नसेल तर गुणगुणून. गुण नाहीत, त्यामुळे शीटही नाही.

पहिली क्लिप किशोरीताईंच्या भूपची होती. चोवीस जणांपैकी पाच जणांनी उत्तर पाठवलं. काकांनी ‘बसत नाही आता गळा’ एवढंच लिहिलं आणि मग तासाभराने पाठवलंच. तळाच्या मैत्रिणीने तीन वेगवेगळ्या वाटा गाऊन पाठवल्या आणि खाली लिहिलं की ताई यातल्या कुठल्याच वाटेने येत नाहीत, ऐका. मग सगळ्यांनी पुढचं ऐकलं. रात्री बारा वाजून गेले होते, दुसऱ्या दिवशी सकाळी माझं रिलीज होतं. जुना खेळ साडेदहाचा अजून चालू आहे. नवा दर रविवारी असतो आणि सध्या त्यात सात जण आहेत.