मांदुरियाचे मद्य आणि भिवंडीचे कोरे कापड

मद्याविषयी आमच्या सुशिक्षित घरांत दोनच प्रकारे बोलले जाते. एक प्रकार वडीलधाऱ्यांचा. त्यात निषेध असतो. दुसरा नुकतीच परदेशवारी करून आलेल्या मंडळींचा. त्यात बाटलीवरील चिठ्ठीचे पठण असते. निषेधाला आमची हरकत नाही. ज्यांस मद्य वर्ज्य आहे त्यांचे व्रत मोडावे, असा ह्या लेखाचा हेतू मुळीच नाही. परंतु ज्या पदार्थावर एखाद्या प्रांताने पिढ्यान्‌पिढ्या आपली शेती, आपले कसब व आपली अब्रू लावली, त्याचे गुणदोष ग्रंथाच्या गुणदोषांप्रमाणे तपासता येतात, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आज परीक्षणास घेतले आहे ते दक्षिण इटलीतील मांदुरिया गावचे ‘प्रिमितीवो’ हे लाल मद्य. भिवंडीत एका स्नेह्यांच्या घरी, शेजारच्या यंत्रमागांचा खडखडाट ऐकत, आम्ही ते चाखले. इटलीचा नकाशा बुटासारखा दिसतो, हे वाचकांस ठाऊकच आहे. त्या बुटाच्या टाचेशी पुल्या नावाचा प्रांत आहे. तेथे चुनखडीवर तांबड्या मातीचा थर, डोक्यावर कडक ऊन आणि पाऊस बेताचा. हे द्राक्ष इतरांच्या आधी, ऑगस्टअखेरीस पिकू लागते. ‘प्रिमितीवो’ हे नावही त्या लवकर पिकण्यावरूनच पडले. आमच्या नाशिककर बागाइतदारांस नवल वाटेल अशी गोष्ट म्हणजे तेथील जुन्या बागांत मांडव नाही आणि तारही नाही. वेल बुटक्या झुडपासारखा जमिनीलगत वाढवितात. अशा वेलास घड थोडे, परंतु गोडी दाट. ती साखर आंबली म्हणजे तिचाच मद्यार्क होतो. म्हणून शंभर भागांत चौदा भाग मद्यार्क तेथे सहज भरतो.

आता रसाविषयी. रंग जवळजवळ शाईसारखा, वास पिकल्या जांभळाचा व काळ्या मनुकांचा, आणि जिभेवर भार असा की घोट गिळल्यावरही तो काही वेळ रेंगाळतो. ह्या भरघोसपणात कठोरपणा नाही, हा ह्याचा मोठा गुण. दोष त्याच गुणाच्या पोटातला आहे. गिऱ्हाइकास गोड आवडते हे हेरून पुष्कळ उत्पादक शेवटी थोडी साखर शिल्लक ठेवतात. मग पहिला घोट मोह पाडतो आणि चौथा कंटाळा आणतो. विशेषणांनी ओथंबलेली कादंबरी वाचताना असाच अनुभव येतो. शेजारच्या प्रांतात वुल्तुरे ह्या निवालेल्या ज्वालामुखीच्या उतारावर ‘आल्यानिको’ नावाचे द्राक्ष होते. ते ऑक्टोबरअखेरपर्यंत वेलावर राहते. त्याचे मद्य तुरट, अबोल, काही वर्षे थांबून मगच मन मोकळे करणारे. आमच्या मते थोरवी आल्यानिकोची, आणि औदार्य प्रिमितीवोचे.

ह्या औदार्यानेच पुल्याचा घात केला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुळे पोखरणाऱ्या किडीने फ्रान्सच्या बागा उजाड केल्या, तेव्हा पुल्याच्या मद्यास मोठी मागणी आली. पुढे 1888 मध्ये इटली व फ्रान्स ह्यांच्यांत जकातींचे युद्ध जुंपले आणि ती बाजारपेठ ढासळली. त्यानंतरही दीर्घकाळ उत्तरेकडील व्यापारी हे मद्य घाऊक नेत आणि आपल्या फिकट मद्यांस रंग व जोर यावा म्हणून त्यांत मिसळीत. रंग पुल्याचा, बाटली दुसऱ्याची. मांदुरियाच्या शेतकऱ्यांनी 1932 मध्ये आपला सहकारी संघ उभारला, आणि 1974 मध्ये गावाच्या नावास कायद्याचे संरक्षण मिळाले. त्या कायद्याने नावाबरोबर बंधनेही आली: कोणत्या हद्दीतील द्राक्ष, किती उतारा, किती मद्यार्क. आता वाईट मद्याचा दोष इतर कोणाच्या माथी मारण्याची सोय राहिली नाही.

येथे कोणी म्हणेल की श्रेय द्राक्षाच्या जातीचे आहे, गावाचे नव्हे. परंतु कॅलिफोर्नियात ‘झिनफांडेल’ म्हणून मिरविणारे द्राक्ष हे प्रिमितीवोच, असे 1994 मध्ये आनुवंशिक तपासणीने ठरले. तेच झिनफांडेल आमच्या नाशिकासही लावले जाते व त्याचे मद्य विकले जाते. जात एक, माती निराळ्या, आणि रसही निराळे. नाशिकच्या मद्यास 2010 मध्ये स्थलनामाचे संरक्षण मिळाले. पण आमच्या घरांतील चिठ्ठीवाचक अजूनही बाटलीवर नाशिक शोधीत नाहीत, अमेरिकेतून आलेले नाव शोधतात. ही दृष्टी आमच्या परंपरेची मात्र नव्हे. कौटिल्याने अर्थशास्त्रात द्राक्षांच्या मद्यास ‘मधु’ म्हटले आहे, आणि त्याचे जे प्रकार सांगितले आहेत ते जेथे ते होई त्या देशांच्या नावांनी, कापिशायन व हारहूरक असे.

हे सारे भिवंडीत बसून लिहिण्याचे कारण वाचकांनी ओळखले असेल. येथील मागांवर जे कोरे कापड विणले जाते, त्यातील पुष्कळसे रंगण्या-छापण्यासाठी गुजरात-राजस्थानात जाते आणि परक्या नावाने आमच्याच घरी परत येते. माग चालविणारे कित्येक जण व्यापाऱ्याचे सूत घेऊन मजुरीवर विणतात. कापडाचे पुढे काय झाले हे त्यांस कळतही नाही. ह्या कापडास स्वतंत्र नाव मिळावे इतका त्याच्या अंगी गुण आहे काय, असा प्रश्न आमच्या स्नेह्यांनीच केला. प्रश्न रास्त आहे. दुसऱ्याच्या पिंपात ओतायच्या रसाची कोणी फार निगा राखीत नाही, हे मांदुरियानेही अनुभवले असेल. गुण आधी आणि नाव मागाहून असा क्रम तेथेही नव्हता. नाव लावावयाचे ठरल्यावर गुणाची चाड वाढली, असे आम्हांस वाटते.

मुंबईच्या गिरण्या आपल्या कापडावर आपले नाव छापीत, हे जुन्या वाचकांस आठवत असेल. भिवंडीच्या एखाद्या ठाणाच्या किनारीवर ‘भिवंडी’ ही तीन अक्षरे छापली, तर पहिल्या वर्षी कदाचित एकही वार अधिक खपणार नाही. परंतु एखादे ठाण विरविरीत निघाले, तर तक्रार कोणत्या गावी धाडावयाची हे गिऱ्हाइकास कळेल. आरंभ तेथूनच व्हावयास हवा.