पन्नास वर्षांच्या अंतरावर 'त्याच वेळी' म्हणजे कधी?

टाइम ट्रॅव्हलचा सिनेमा पाहून आलं की ज्युनिअर्स हमखास विचारतात, "पण हे शक्य आहे का?" मला हा प्रश्न फारसा कामाचा वाटत नाही. सिनेमाने मांडलेले नियम त्याने स्वतः पाळले का, हे बघा. पेपर वाचतानाही तुम्ही हेच करणार आहात.

'एक्स-मेन: डेज ऑफ फ्यूचर पास्ट' (२०१४) घ्या. २०२३ साली सेंटिनेल नावाच्या यंत्रांनी म्युटंट्स जवळजवळ संपवलेत. म्हणून वुल्व्हरिनची फक्त जाणीव १९७३मधल्या त्याच्याच शरीरात पाठवायची आणि मिस्टीकला ट्रास्कचा खून करू द्यायचा नाही. शरीर जातच नाही, त्यामुळे 'स्वतःशीच गाठ पडली तर?' हा घोळ मिटला. १९८१च्या मूळ कॉमिकमध्ये किटी प्राइड स्वतः मागे जाते. इथे ती दुसऱ्याला पाठवते. एवढा ताण जखमा आपोआप भरणाराच सोसू शकेल, हे कारण पटतं. (ह्यू जॅकमनवर तिकिटं खपतात, हेही असेलच!)

पण आधीच्या भागात नुसती भिंतीतून जाणारी किटी ही विद्या शिकली कधी? सिनेमा गप्प. २००६च्या भागात मेलेला झेवियर इथे जिवंत कसा? पुन्हा गप्प. नको असलेला डेटा पॉइंट खोडून टाकावा, तसं हे झालंय.

खरी अडचण घड्याळाची आहे. १९७३मध्ये वुल्व्हरिन बिथरतो आणि 'त्याच वेळी' २०२३मध्ये किटी जखमी होते. आता हे 'त्याच वेळी' कोणाच्या घड्याळाने? दोन्ही काळ एका तालात चालतात असं मानल्याशिवाय सेंटिनेल दाराशी येऊन ठेपल्याची धाकधूक उरत नाही. हे गृहीतक आहे भौतिकशास्त्राचं नाही, एडिटिंगचं. तरी मी ते माफ करतो, कारण सिनेमा ते एकदा सांगतो आणि शेवटपर्यंत पाळतो.

क्विकसिल्व्हरला मात्र माफी नाही. पेंटागॉनच्या स्वयंपाकघरातला तो प्रसंग भन्नाट आहे, वादच नाही. पण जरा आकडेमोड करा. सेकंदाला ३०० मीटर जाणारी गोळी १० मीटरची खोली सेकंदाच्या तिसाव्या भागात ओलांडते. पडद्यावर तेवढ्यात मिनिटभर तरी जातं, म्हणजे काळ किमान १८०० पट ताणला. त्या मिनिटात पोरगा आरामात, सेकंदाला ३ मीटर वेगाने धावला असं धरलं, तर आपल्या घड्याळाने ५४०० मीटर प्रति सेकंद! ध्वनीच्या पंधरापट. पण केस जळतील वगैरे जाऊ द्या. असा माणूस हाताशी असताना हे लोक त्याला घरी पाठवून देतात आणि मिस्टीकला थांबवायला स्वतः धडपडत पॅरिसला जातात. तो सोबत असता तर अर्धा सिनेमा उरलाच नसता, म्हणून त्याला बाजूला केलं. पद्धत चालते आहे म्हणूनच ती टाकून दिली, असं माझ्या गाइडसमोर बोलून बघायला हवं.

शेवट मला आवडला. वुल्व्हरिन बदललेल्या २०२३मध्ये जागा होतो. मेलेले सगळे समोर, आणि जुना काळ आठवतो तो फक्त त्याला. या नव्या जगात तो इतिहासाचा मास्तर आहे. आणि १९७३नंतर काय काय घडलं, हे त्याला झेवियरकडूनच शिकायचंय.