'ड्रॅगन क्वेस्ट': खेळणारा नेमके काय शिकतो?

व्हिडिओ गेम म्हणजे वेळेचा अपव्यय, हे मत शिक्षकांत आणि पालकांत इतके रुजलेले आहे की त्या खेळांत असते तरी काय, हे पाहण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. आम्ही ती एका खेळापुरती घ्यायचे ठरवले. खेळ जुना आहे. एनिक्स या जपानी कंपनीने मे १९८६ मध्ये निन्टेंडोच्या फॅमिकॉम यंत्रासाठी काढलेला 'ड्रॅगन क्वेस्ट'. (या यंत्राच्या नकला नव्वदीच्या दशकात आपल्याकडेही अनेक घरांत टीव्हीला जोडलेल्या दिसत, पण त्यांच्या कॅसेटमध्ये बहुधा उड्या मारण्याचे आणि गोळीबाराचे खेळ असत.) रचनाकार युजी होरी यांच्यापुढे 'विझार्डरी' आणि 'अल्टिमा' हे अमेरिकी खेळ होते. जपानी रोल-प्लेइंग गेमची जी परंपरा पुढे वाढली, तिचा साचा मात्र होरींच्या खेळाने घातला. खेळणारा एका नायकाची भूमिका घेतो, गावोगाव हिंडतो, राक्षसांशी लढतो आणि अखेर ड्रॅगनांच्या राजाला हरवतो. कथा बाळबोधच आहे. पाहण्यासारखी आहे ती शिकवण्याची रीत.

खेळ सुरू होतो राजाच्या दालनात. दाराला कुलूप. खोलीत तीन पेट्या, त्यांतल्या एकीत किल्ली. बाहेर पडायचे तर पेटी उघडणे, दार उघडणे, जिना उतरणे या आज्ञा एकदा तरी द्याव्याच लागतात. असा खेळ कधीही न पाहिलेला मुलगा पुस्तिका न वाचता पाच मिनिटांत त्या शिकतो. चुकला तरी काही बिघडत नाही, कारण त्या खोलीत शत्रूच नाही. प्रयोगशाळेतला पहिला तास इतक्या विचाराने आखलेला आम्ही क्वचितच पाहिला आहे.

बाहेर आल्यावर पाण्यापलीकडे शत्रूचा किल्ला लगेच दिसतो. हाकेच्या अंतरावर आहे, पण तेथे पोहोचायला सगळा मुलूख पालथा घालावा लागतो. आसपास असतात स्लाइम, म्हणजे लिबलिबीत, दुबळे प्राणी. एक मारला की अनुभवाचा एक गुण मिळतो. दुसऱ्या लेव्हलला ७ गुण पुरतात, तिसरीला एकूण २३, चौथीला ४७, पाचवीला ११०. नवव्या लेव्हलला १३०० आणि दहावीला २००० गुण लागतात. म्हणजे नववीवरून दहावीला जाण्यासाठी ७०० स्लाइम! कोणी शहाणा ते मारत बसणार नाही. तो नदीवरचा पूल ओलांडून पुढे जाईल, कारण पलीकडचे शत्रू अधिक बळकट आणि अधिक गुण देणारे असतात. 'पुढे जा' असे खेळ कोठेही सांगत नाही, आकडेच सांगतात. (शेवटच्या, तिसाव्या लेव्हलला ६५५३५ गुण लागतात. ही संख्या का, हे विद्यार्थ्यांना जरूर विचारावे. सोळा बिटांत त्याहून मोठी संख्या मावत नाही.)

घाई करून पूल ओलांडला तर नायक मरतो. मग राजा त्याला पुन्हा उभा करतो. जवळचे निम्मे पैसे जातात, अनुभवाचे गुण मात्र एकही कमी होत नाहीत. चुकीची किंमत मोजावी लागते, पण शिकलेले काढून घेतले जात नाही. आपल्या परीक्षापद्धतीत नेमके उलटे घडते, असे आम्हाला वाटते.

तरीही आमच्या मते या खेळाचे खरे श्रेय गुणांच्या कोष्टकात नाही. ते आहे एका दलदलीत. शेवटच्या बेटावर जाण्यासाठी एक चिन्ह लागते आणि ते जमिनीत पुरलेले असते. दूरच्या एका नगरात कळते की, राजाचा किल्ला जेथून उत्तरेला ७० आणि पश्चिमेला ४० अंतरावर असेल, तेथे शोधावे. राजकन्येची सुटका केली असेल तर तिने दिलेली वस्तू किल्ल्यापासूनची ही दोन्ही अंतरे सांगते. म्हणजे किल्ला हा आरंभबिंदू आणि नायक हा प्रतलावरचा बिंदू. सहनिर्देशकांचा हा शुद्ध पाठच झाला. ज्याने हे एकदा जाणले त्याला दुसऱ्या वेळी राजकन्येची मदतही लागत नाही, तो पावले मोजून दलदल गाठतो. नायक पुन्हा पहिल्या लेव्हलवर असतो, खेळणारा नसतो.

येथेच आमची तक्रारही आहे. शेवटच्या लढाईपूर्वी खेळ तासन्‌तास त्याच त्या लढाया करायला लावतो. त्यात आकडा वाढतो, समज वाढत नाही. मग मूल खिळून का राहते? मोबदला अनिश्चित अंतराने मिळत गेला तर प्राणी तीच कृती न थकता करत राहतो, हे बी. एफ. स्किनर यांच्या कबुतरांवरील प्रयोगांतून दिसले आहे. या खेळात मेटल स्लाइम नावाचा एक शत्रू आहे. तो अवचित भेटतो, बहुधा पळून जातो, पण सापडला तर भरघोस गुण देतो. कबुतराचा दाणा तो हाच. १९८६ मध्ये त्याची किंमत फक्त वेळ होती. पुढे मोबाईलवरच्या जपानी खेळांनी हाच दाणा पैसे घेऊन सोडतीने विकायला काढला. सोडतीतल्या ठराविक वस्तूंचा संच पुरा केल्यास बक्षीस देण्याचा प्रकार तर इतका बोकाळला की, २०१२ मध्ये जपानच्या ग्राहक व्यवहार संस्थेने तो बेकायदा ठरवला. साधी सोडत मात्र चालूच राहिली.

म्हणून अशा खेळाबद्दल मत देताना आम्ही एकच पाहतो. खेळणाऱ्याकडून नायकाची लेव्हल काढून घेतली, तर त्याच्यापाशी काय उरते? याच मालिकेतील तिसऱ्या खेळाची नवी आवृत्ती २०२४ मध्ये आली. तीत पुढे कोठे जायचे याची खूण नकाशावर दिसण्याची सोय आहे. ती बंदही करता येते. तुमचा एखादा विद्यार्थी तो खेळणार असेल तर त्याला ती बंद करायला सांगा आणि हाताशी एक आलेख-वही द्या.