अंगण खरंच वाकडं असेल तर?

वर्षभरापूर्वी मी इथेच एक लेख लिहिला होता. त्यात ठासून सांगितलं होतं की खोली लहान आणि अडचणीची असेल तर एकाच ड्रायव्हरचे, म्हणजे फुल-रेंज स्पीकर घ्या. कारणही दिलं होतं: या स्पीकरमध्ये वूफर, ट्वीटर आणि त्यांच्यात आवाज वाटून देणारा क्रॉसओव्हर नसतो, म्हणून आवाज 'अखंड' येतो. तो लेख वाचून पनवेलला राहणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीने फेलोशिपच्या पैशांतून 8 इंची ड्रायव्हरची जोडी घेतली. महिन्याभराने तिचा फोन आला. "मधल्या खुर्चीत बसलं की गाणं छान वाटतं गं, पण आई-बाबा दिवाणावर बसतात तिथे कापसातून आल्यासारखं ऐकू येतं."

फोन ठेवल्यावर मी माझाच लेख पुन्हा वाचला, एखाद्या परक्याचा शोधनिबंध तपासायला आल्यासारखा. त्यात जे सापडलं ते आज लिहिते आहे. तुमच्यापैकी बरेच जण संशोधनाची तयारी करताय. ही चूक स्पीकरपुरती नाही, प्रबंधातही अशीच होते.

मी काय ऐकलं होतं

माझी खोली करंज्याला आहे. पनवेलहून उरण ओलांडून पुढे आलात की करंजा लागतं, इथल्या धक्क्यावरून रेवसला लाँच जाते. खोली 10 बाय 10 ची आणि उंचीही 10 फूट. जमिनीला लादी, वर स्लॅब. एका भिंतीला दार, समोर खाडीकडची खिडकी, तिसऱ्या भिंतीला लोखंडी कपाट, चौथीत देवघराचा कोनाडा. दोन स्पीकर सारख्या अंतरावर ठेवायला जागाच नाही. 'नाचता येईना अंगण वाकडं' असं आपण सहज म्हणतो, पण ध्वनिशास्त्रात अंगण कधी कधी खरंच वाकडं असतं.

या खोलीत मी दोन जोड्या ऐकल्या होत्या: एक 4 इंची फुल-रेंज ड्रायव्हरची, दुसरी वूफर-ट्वीटरवाली, साधी शेल्फवर ठेवायची. पहिली मला सरळसरळ चांगली वाटली. गायकाचा आवाज समोर उभा, तानपुरा स्वच्छ, कुठे घुमणं नाही. हे निरीक्षण खोटं नव्हतं. चूक पुढच्या वाक्यात होती: "कारण क्रॉसओव्हर नाही." या दोन जोड्यांमध्ये तेवढा एकच फरक होता का? मोजायला बसले तेव्हा निदान पाच सापडले.

पहिला फरक: खालचे सूर वाजलेच नाहीत

हवेत 30 अंशांना ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 349 मीटर असतो. 10 फूट म्हणजे 3.05 मीटर. दोन समोरासमोरच्या भिंतींमधला पहिला अनुनाद येतो वेग भागिले दुप्पट लांबी इतक्या वारंवारतेला, म्हणजे 57 हर्ट्झच्या आसपास. साधारण खोलीत लांबी, रुंदी, उंची वेगळी असते, त्यामुळे हे अनुनाद विखुरतात. माझी खोली चौकोनी डबा असल्यामुळे तिन्ही दिशांचे अनुनाद 57 वरच येऊन बसतात. पुढचा गठ्ठा 81 ला, मग 99 ला. भिंतीला टेकून बसलं की 57 हर्ट्झ घुमतो, खोलीच्या मध्याकडे सरकलं की तोच जवळजवळ नाहीसा होतो.

आता 4 इंची ड्रायव्हर 57 हर्ट्झला काय देतो? फारसं काहीच नाही. तेवढाच मोठा आवाज एक सप्तक खाली काढायचा तर शंकूला चौपट हलावं लागतं आणि एवढ्याशा शंकूला ते झेपत नाही. म्हणजे खोली जिथे गोंधळ घालते तिथे हा स्पीकर गप्प बसतो. मी त्या गप्प बसण्याला 'स्वच्छ, आटोपशीर बास' असं नाव दिलं होतं!

मग तानपुरा उणा का वाटला नाही? कारण जवारीमुळे तानपुऱ्याच्या तारेतून वरचे स्वरांश भरपूर निघतात आणि ते नियमित अंतरावर असले की मूळ सूर कमी असला तरी कान तो भरून काढतो. काळी एकच्या खर्जाची वारंवारता सुमारे 69 हर्ट्झ. ती स्पीकरने दिली नाही तरी ती ऐकल्यासारखं वाटतं. जुन्या 78 आरपीएमच्या तबकड्या ऐकल्या तर प्रश्नच मिटतो, त्यांत अगदी खालचं आणि अगदी वरचं मुळात फारसं नव्हतंच. मी नेमकं असंच संगीत निवडलं होतं. बायाँचा घुमारा, पखवाज असं काही लावलं असतं तर निकाल दुसरा लागला असता. चाचणीची सामग्रीच एका बाजूला झुकलेली होती.

दुसरा फरक: आवाजाची दिशा

कुठलाही शंकू, तरंगलांबी त्याच्या परिघाएवढी झाली की आवाज पुढच्या बाजूला एकवटायला लागतो. 4 इंची ड्रायव्हरच्या शंकूची परिणामकारक त्रिज्या साधारण 4 सेंमी, परीघ 25 सेंमी. ही तरंगलांबी 1400 हर्ट्झला येते, त्यावर आवाज अरुंद होत जातो. दोन ड्रायव्हरच्या स्पीकरमध्ये हे काम पुढे छोटा ट्वीटर घेतो, त्यामुळे वरचे सूर पुन्हा पसरतात.

पुस्तकात अरुंद पसारा हा दोष मानतात. पण माझ्या लादीच्या, उघड्या भिंतींच्या खोलीत पसरलेला आवाज कपाटावर आपटून, खिडकीवर आपटून परत येतो. अरुंद झोत थेट कानाशी येतो, भिंतींवर कमी जातो. म्हणजे या खोलीत दोषच उपयोगी पडला.

मैत्रिणीकडे याच गोष्टीने उलटा दणका दिला. 8 इंची शंकूची त्रिज्या 8 सेंमीच्या आसपास, परीघ 50 सेंमी. तिथे आवाज 700 हर्ट्झपासूनच अरुंद व्हायला लागतो. चार माणसांच्या हॉलमध्ये एकाच खुर्चीला वरचे सूर नीट मिळणार, दिवाणावर नाही. काही ड्रायव्हरमध्ये मधोमध छोटा जादा शंकू बसवून हे थोडं सावरतात, पण पूर्ण नाही. माझ्या लेखात ड्रायव्हरच्या आकाराचा उल्लेखच नव्हता.

उरलेले तीन

तिसरा फरक अंतराचा. फुल-रेंज जोडी टेबलावर, माझ्यापासून मीटरभरावर होती. दुसरी जोडी कपाटावर. ही तर सरळ माझी लबाडी, नकळत केलेली.

चौथा, आवाजाची पातळी. आवाज थोडासा मोठा असला तरी तो 'जास्त चांगला' वाटतो. काही मोठे फुल-रेंज ड्रायव्हर एका वॉटला 95 डेसिबलच्या आसपास देतात, साधे शेल्फ स्पीकर 86-87. बटण तिथेच ठेवून जोडी बदलली तर तुलना आधीच संपली. माझ्या दोन जोड्यांत इतका फरक नसावा, पण मी तो मोजलाच नव्हता.

पाचवा, क्रॉसओव्हर. आणि इथे फुल-रेंजवाल्यांचं एक म्हणणं मला आजही पटतं. वूफर आणि ट्वीटर 15 सेंमी अंतरावर असतील आणि कामाची वाटणी अडीच हजार हर्ट्झला होत असेल, तर तिथली तरंगलांबी 14 सेंमी. मीटरभरावर बसलेल्या माणसाने मान जरा वरखाली केली की दोघांचं जुळणं बदलतं. एकाच शंकूत ही भानगड नाही. पण हा फायदा 'एका बिंदूतून आवाज येण्याचा' आहे, 'क्रॉसओव्हर नसण्याचा' नाही. केइएफने 1988 मध्ये आणलेल्या युनि-क्यू रचनेत ट्वीटर वूफरच्या मध्यभागीच बसवलेला असतो. तिथे क्रॉसओव्हर असतो आणि बिंदूही एकच असतो.

मग प्रयोग कसा करायला हवा होता?

पाच कारणं एकत्र गुंतलेली असतील तर एका वेळी एकच सुटं करायचं. बासचा संशय असेल तर दोन ड्रायव्हरच्या जोडीचेही 80 हर्ट्झखालचे सूर कापा आणि पुन्हा ऐका. दिशेचा संशय असेल तर बाजूच्या भिंतींना जाड गोधड्या टांगा. त्याने फुल-रेंजची आघाडी कमी झाली, तर ती आघाडी भिंतींमुळे होती. क्रॉसओव्हरचा संशय असेल तर तुलनेला एकाक्ष ड्रायव्हरची जोडी घ्या. जागा तीच, पातळी मोजून सारखी, आणि समोर चादर.

चादर का? 1994 मध्ये फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी तेच स्पीकर लोकांना आधी झाकून आणि मग दाखवून ऐकवले. दिसू लागल्यावर गुण बदलले. ऐकणारे हार्मन या ध्वनिक्षेत्रातल्या कंपनीचेच लोक होते, म्हणजे 'आम्ही जाणकार, आम्हाला फरक पडत नाही' हाही बचाव उरला नाही. एकच शंकू, लाकडी पेटी, व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर, शिवाय आजोबांच्या मर्फी रेडिओची आठवण: एवढं डोळ्यांसमोर असताना मी निःपक्षपाती होते असं म्हणणं धाडसाचं आहे.

सुट्टीत मी हे जमेल तेवढं केलं. जोडी बदलायला चादरीमागे मामेबहीण होती. पातळी सारखी केली, दोन्ही जोड्या टेबलावर आणल्या, खालचे सूर कापले, तेव्हा गाण्याच्या बाबतीत मला खात्रीने ओळखता येईना. गोधड्या टांगल्यावर तर आणखीच कठीण. न कापता बायाँ लावला तेव्हा दोन ड्रायव्हरची जोडी जास्त भरीव वाटली, पण काही ठेक्यांवर खोली घुमली. ऐकणारी एकटी मी आणि खोली एक, म्हणून याला मी निष्कर्ष म्हणणार नाही. पण 'कारण क्रॉसओव्हर नाही' हे वाक्य मागे घ्यायला एवढं पुरे आहे.

दुसरी बाजूही तपासायची

आता कुणी म्हणेल, मग प्रयोगशाळेतलं संशोधन प्रमाण मानून फुल-रेंज निकालात काढू. तीही घाईच. ऑलिव्ह यांनी 2004 मध्ये मोजमापांवरून लोकांची पसंती सांगणारं सूत्र मांडलं. 13 स्पीकरवर ते जवळजवळ अचूक बसलं, पण 70 स्पीकर घेतल्यावर सहसंबंध 0.86 वर आला. तोही उत्तमच, पण लहान नमुन्यावरची अचूकता किती फसवी असते ते तुम्ही लक्षात ठेवा. त्या सूत्रात बासचा वाटा सुमारे 30 टक्के आहे. ऐकण्यासाठी मुद्दाम बांधलेल्या खोलीत ते योग्यच असेल. माझ्या दहा फुटी डब्यात 57 हर्ट्झचा बास हा गुण की शिक्षा, हे ते सूत्र सांगत नाही. श्रोडर यांच्या सूत्राप्रमाणे माझ्या खोलीत निनाद-काल अर्धा सेकंद धरला तर सुमारे 265 हर्ट्झखाली खोलीचाच अंमल चालतो, एक सेकंद धरला तर 375 खाली. त्या पट्ट्यात 'चांगला स्पीकर कोणता' हा प्रश्न अर्धवट आहे, 'कोणत्या खोलीत, कुठे ठेवून, कुठे बसून' हे जोडल्याशिवाय.

म्हणून माझा दुरुस्त सल्ला असा. एकटे ऐकणार असाल, खोली लहान नि कडक भिंतींची असेल आणि मीटरभरावर बसणं शक्य असेल, तर 3-4 इंची फुल-रेंज जरूर ऐका. भिंतीजवळ ठेवा, म्हणजे अरुंद पेटीमुळे पातळ झालेले खालचे सूर थोडे भरून निघतात. स्पीकरचं तोंड कानाकडे थोडं-थोडं वळवून पाहा. घरातल्या सगळ्यांनी मिळून ऐकायचं असेल तर 8 इंची एकटा शंकू घेऊ नका. लोथर, फोस्टेक्स, कोचीची रेथम यांच्याबद्दल भक्तिभावाने लिहिलेलं वाचाल तेव्हा तीन गोष्टी शोधा: खोली किती मोठी होती, काय वाजवलं, पातळी मोजली का. तिन्ही सापडल्या नाहीत तर ते मत म्हणून वाचा, पुरावा म्हणून नाही.

मैत्रिणीची जोडी मी माझ्याकडे आणणार आहे. तिला एकाक्ष ड्रायव्हरची जोडी बघतोय, पण या वेळी आधी तिच्या हॉलमध्ये नेऊन, दिवाणावर आई-बाबांना बसवून. जुना लेख मी काढून टाकलेला नाही. त्याच्या वर फक्त एक ओळ घातली आहे: निरीक्षण बरोबर, कारण चुकीचं, खालचा लेख वाचा.