संत जुझे वाझ : चमत्कार आणि शुश्रूषा

वेलिंगच्या श्रीलक्ष्मीनृसिंहाचे मूळ स्थान सांकवाळ. १५६७ साली सासष्टीतील देवळे मोडली गेली, तेव्हा भाविकांनी आपला देव जुवारीपार अंत्रुज महालात आणला. त्याच सांकवाळच्या एका ख्रिस्ती घराण्यात पुढे जुझे वाझ झाले. जन्म बाणावलीचा, २१ एप्रिल १६५१. अशा पुरुषाचे चरित्र हाती घेताना आमचे मन सर्वस्वी तटस्थ राहते, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल.

वाझांचे जुने प्रसिद्ध चरित्र त्यांच्याच ओरेटरी संघातील गोमंतकीय पाद्री सेबास्तियांव दु रेगु यांचे. हा पोर्तुगीज ग्रंथ १७४५ मध्ये लिस्बनला छापला गेला. तेव्हापासूनच्या भाविक चरित्रपरंपरेत १६९६ चा प्रसंग विशेष रंगतो : अवर्षणाने गांजलेल्या कँडीत वाझांनी प्रार्थना केली आणि पाऊस पडला. पुढच्याच वर्षी तेथे देवीची साथ आली. राजा नगर सोडून गेला. रोग्यांना आप्तांनीही टाकले. वाझ मात्र तेथेच राहिले. निवारा देणे, अन्नपाणी भरवणे, मृतांना मूठमाती देणे हे काम त्यांनी रोग्याचा धर्म न विचारता केले.

आमचा आक्षेप आहे तो येथे. पावसाची कथा आधी आणि शुश्रूषा मागून, हा क्रम उलटा आहे. देवीवर तेव्हा औषध नव्हते. त्या रोगाचे उच्चाटन झाले ते लसीमुळे, आणि त्याची घोषणा १९८० मध्ये झाली. वाझांच्या हाती केवळ सेवा होती, आणि ती करताना स्वतःचे प्राण पणाला लागले होते. चमत्कार करणाऱ्याला कसले भय? हा दोष एकट्या ख्रिस्ती लेखकांचा नव्हे. महिपतींच्या 'भक्तविजया'तही संतांचे माणूसपण चमत्कारांच्या गर्दीत कित्येकदा हरवते. पोप फ्रान्सिस यांनी तर दुसऱ्या चमत्काराची अट बाजूस ठेवून १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबोत वाझांना संतपद दिले. चरित्रकारांनीही तेवढे धैर्य दाखवावे.

दुसरी अपेक्षा न्यायाची. डचांनी कॅथलिक उपासनेवर बंदी घातली होती, म्हणून वाझ १६८७ मध्ये वेष पालटून सिंहलद्वीपात उतरले. कँडीच्या बौद्ध राजाने, दुसऱ्या विमलधर्मसूर्याने, हेर समजून त्यांना प्रथम कैद केले; पण पुढे धर्मकार्याची मोकळीक दिली. १७११ मध्ये वाझांनी कँडीतच देह ठेवला. एका परधर्मीय पाद्र्याला तेथे जी मोकळीक मिळाली, ती त्याच काळी सासष्टीतील हिंदूंना स्वतःच्या गावात नव्हती. याचा दोष वाझांच्या माथी मारणे अन्यायाचे. पण दोन्ही गोष्टी एकाच पानावर मांडल्यावाचून चरित्र पुरे होत नाही.

असे चरित्र मराठीत वा कोकणीत कोणी लिहील, तर वेलिंगच्या देवळाच्या पायरीवर बसूनही आम्ही ते आदराने वाचू.